आरसीवरचं नाव आणि मुक्तिनाथची वाट

'ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची आहे. जुळे सोलापुरात आईबरोबर राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दोन वर्षांपूर्वी बाबा हार्ट अटॅकनं गेले. त्यांची १५० सीसीची पल्सर घरी आहे. रिटायर झालो की ह्याच गाडीवर नेपाळला मुक्तिनाथाला जायचं, असं ते कायम म्हणायचे. ते मला करायचंय, एकटीनं, पावसाळा संपल्यावर. गाडी मी वर्षभर गावात चालवते. लायसन्स आहे, कॉलेजात असताना स्कूटीसाठी काढलेलं. गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, अजून बाबांच्याच नावावर आहे, बदलायला मन होत नाही. आई जा म्हणत नाही आणि नको पण म्हणत नाही. रोज गाडीवर चादर टाकून ठेवते. मामा म्हणतात, पोरीच्या जातीनं असलं काही करू नये. मैत्रीण म्हणते, नेपाळ कशाला, विमानानं व्हिएतनामला जा, तिथं गाडी भाड्यानं मिळते. मी काय करू?'
– एक वाचक, जुळे सोलापूर

तुला 'तू'च म्हणते. माझी भाची तुझ्याएवढी आहे आणि तिलाही गाडीचं वेड आहे.

जा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की ताई पाय मागं ओढतायत. २०१८ साली, दिवाळीच्या आधी, मी नेपाळच्या सीमेवरच्या सुनौलीहून पोखरा आणि पोखऱ्याहून मुक्तिनाथ असा रस्ता एकटीनं केला. तेव्हा मी ४७ वर्षांची होते. त्या दिवसांनी मला काय दिलं ते अजून मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. तुला ते मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण आज आहेस तशी निघालीस तर मी तुला दारातच अडवेन.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी तू जाता जाता लिहून गेलीस. लायसन्स स्कूटीचं आहे आणि आरसी बाबांच्या नावावर आहे. माझ्या दृष्टीनं सगळं पत्र त्या दोन ओळींत आहे.

लायसन्सचं कार्ड आत्ता पर्समधून काढ आणि बघ. त्यावर गाडीचा वर्ग छापलेला असतो. स्कूटीवर टेस्ट दिली असेल तर तिथं एमसीडब्ल्यूओजी, म्हणजे विनागिअर, असं असणार. पल्सरला गिअरचा वर्ग लागतो. तसं निघालं, तर वर्षभर सात रस्त्यावरून, होटगी रोडवरून तू जी गाडी चालवलीस ती लायसन्सशिवायच चालवलीस. कडू लागेल, पण ऐक. उद्या कुणी सायकलवाले काका आडवे आले आणि त्यांना लागलं, तर विमा कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुझ्या पगारातून जाईल. वर्ग वाढवून घ्यायला आधी शिकाऊ परवाना काढायचा, मग किमान ३० दिवस थांबायचं आणि मग गिअरच्या गाडीवर टेस्ट द्यायची. शिकाऊ परवाना हातात येईपर्यंत गाडीला किल्ली लावू नकोस. हे एक काम उद्याच सुरू कर.

आता आरसी. 'मन होत नाही' हे तू लिहिलंस आणि मी तिथं बराच वेळ थांबले. माझे सासरे गेल्यावर आमच्या घरी नऊ वर्षं विजेचं बिल त्यांच्याच नावानं येत होतं. मुद्दामच ठेवलं होतं. दर महिन्याला दारातून त्यांचं नाव आत यायचं. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. गाडीचं तसं नाही. मालक वारला की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुझी ती मुदत केव्हाच टळली आहे. उशिराचा दंड भरावा लागेल, तो भरून टाक. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, वारस असल्याचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती एवढं जमव. विमाही तुझ्या नावावर करून घे. गेलेल्या माणसाच्या नावानं पॉलिसी नुसती ऑनलाइन रिन्यू करत राहिलं तर हप्ता भरल्याचं समाधान मिळतं, क्लेमच्या वेळी भांडण उभं राहतं.

आणि नियम बाजूला ठेवून सांगते. सीमेवर खिडकीमागचा माणूस आरसी हातात घेतो, ओळखपत्राशी नाव ताडून बघतो आणि विचारतो, गाडी कोणाची, मालक कुठं आहे, मालकाचं संमतिपत्र कुठं आहे. मागं मालवाहू ट्रकांची रांग, शेजारी घाईतले प्रवासी. त्या परक्या खिडकीपुढं 'मालक वारले' हे सांगायची वेळ स्वतःवर आणू नकोस. घरातच, आपल्या गावच्या आरटीओत, आई शेजारी असताना ते एकदा सांगून टाक. जुन्या आरसीची एक रंगीत झेरॉक्स काढून ठेव. गाडीचा नंबर बदलत नाही. एमएच १३ पुढचे जे आकडे बाबांनी रोज बघितले तेच पुढंही राहतील.

मैत्रिणीच्या व्हिएतनामचं थोडक्यात. देश सुंदर आहे, आणि उत्तरेतल्या 'हा जियांग' भागातल्या डोंगरांचे व्हिडिओ बघून कुणालाही जावंसं वाटेल. पण भारतात आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो १९४९ च्या जिनिव्हा करारातला असतो, आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतं. म्हणजे आपला परवाना तिथं चालत नाही. भाड्यानं गाडी देणारा हे विचारत नाही, त्याला पैशाशी मतलब. पोलिसानं धरलं तर दंडावर भागेल. पण हाड मोडलं, तर प्रवास विम्याची कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारेल. तिथं ५० सीसीच्या आतल्या गाडीला परवाना लागत नाही, पण तसल्या गाडीवर डोंगर चढायचे नाहीत. कधी गेलीसच तर तिथल्या चालकाच्या मागं बसून फिर. नेपाळात आपलं भारतीय लायसन्स चालतं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात आणि गाडी स्वतःची नेता येते. पहिल्या परदेशवारीला ह्याहून बरं काय हवं? शिवाय बाबांनी नाव मुक्तिनाथाचं घेतलं होतं.

गाडीची काळजी करू नकोस. एकटीला १५० सीसी पुरते. उंचीवर हवा विरळ होते, तसा इंजिनाचा जोर कमी होतो. मुक्तिनाथाजवळ जवळजवळ एक तृतीयांश दम गेलेला असेल. दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्यामध्ये, निवांत चढायचं. सामान मात्र कमी हवं. नेपाळात पल्सर इतक्या आहेत की लहानशा बाजारपेठेतही तिचा मिस्त्री आणि तिचे पार्ट सापडतात. महागड्या मोठ्या गाडीवाल्यांना हे सुख नाही.

पण तीन कामं तुला स्वतःला यायला हवीत. ट्यूब काढून पंक्चर काढणं, चेन ताणणं आणि क्लचची वायर बदलणं. तुमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडं एक रविवार दुपार बस आणि 'मी करते, तुम्ही बघा' म्हण. क्लचची वायर तुटते ती बहुतेक वेळा लिव्हरपाशी, जिथं शिशाचा तो छोटा गोळा खाचेत बसतो. आधी तिथले एक-दोन तार सुटतात, लिव्हर किंचित जड लागते, बोटाला खरखर जाणवते. ते ओळखायला शीक. मी निघताना नवी वायर जुन्या वायरीला लगतच, टाकीखालून पुढपर्यंत, टेपनं बांधून नेली होती. पोखऱ्याच्या पलीकडच्या बेनी गावापुढं जुनी तुटली तेव्हा नवी ओवत बसावी लागली नाही, दोन टोकं बसवली आणि वीस मिनिटांत निघाले. पाऊस भुरभुरत होता आणि हात थरथरत होते. पण इंजिन सुरू झालं तेव्हा मला जे वाटलं ते लिहून दाखवण्यासारखं नाही.

सोलापूर सपाट आहे, घाटाची सवय आपल्याला नसते. लायसन्स आलं की आधी तुळजापूरचा घाट, सामान बांधून, चार-पाच वेळा. मग एकदा महाबळेश्वर आणि पोलादपूरकडं उतरणारा आंबेनळी घाट. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, क्लच दाबून धरायचा नाही, ज्या गिअरनं चढली असतीस त्याच गिअरनं उतरायचं. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि मग धरत नाही. आंबेनळी दोनदा चढउतार करून खांदे दुखले नाहीत तर तयारी झाली असं समज.

सुट्टी २० दिवस लागेल. इथून तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर, पुढं जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर आणि सुनौली. सगळे मिळून सुमारे १,६०० किलोमीटर. दिवसाला ३०० ते ३५०, म्हणजे सहाव्या दिवशी सीमा. मधले मुक्काम नांदेड, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर. सूर्य मावळायच्या आत खोलीत असायचं, हा नियम कुठल्याही कारणासाठी मोडायचा नाही. सुट्टी कमी मिळाली तर येताना गाडी गोरखपूरहून रेल्वे पार्सलनं पुण्याला पाठवून दे. टाकी रिकामी करून, आरसीची प्रत लावून बुकिंग होतं. जाताना मात्र गाडीवरूनच जा. सीमेपर्यंतच्या त्या सहा दिवसांत गाडी तुझ्या अंगात मुरेल. जाऊन-येऊन ४,००० किलोमीटर धर, पेट्रोल १०० लिटरच्या आसपास.

महिना ऑक्टोबरच्या मध्यानंतरचा धर, आधीचा नको. 'पावसाळा संपल्यावर' असं तू लिहिलंस, पण तिकडचा पाऊस लवकर हटत नाही. २०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काठमांडू खोऱ्यात पुरानं हाहाकार माजवला, देशभरात मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी १२ जुलैला नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर सिमलतालला दरड आली आणि दोन भरलेल्या बस त्रिशूली नदीत गेल्या. पावसाळ्यात त्या डोंगरात गाडी घालू नये, कितीही अनुभव असला तरी.

निघण्याआधी विम्याचं आणखी एक काम. आपली मोटार पॉलिसी फक्त भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळपर्यंत वाढवून मिळते, तशी तरतूद आहे. आपल्या कंपनीला लेखी मागणी कर. प्रवासाचा आरोग्य विमा वेगळा घे, आणि त्यात दुचाकी चालवणं आणि ३,७०० मीटरच्या वरची उंची चालते का, हे दोन मुद्दे स्वतः वाच. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड घे, आधारवर विसंबू नकोस. पैशात शंभराच्या नोटा जास्त ठेव. त्या सगळीकडं चालतात, मोठ्या नोटांबद्दलचे नियम बदलत आले आहेत. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे.

आता सीमा. सुनौलीची कमान ओलांडली की पलीकडं बेलहिया. तिथं सीमाशुल्काला भन्सार म्हणतात. जितके दिवस गाडी आत राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि मग शेजारी वाहतुकीचा परवाना काढायचा. वर्षात एकंदर ३० दिवसांपर्यंत गाडी ठेवता येते. गर्दीच्या दिवशी ह्यात दोन तास जातात, म्हणून गोरखपूरहून पहाटे निघ. दलाल मागं लागतील, गरज नाही. पाटी वाचता येते, फॉर्म वाचता येतो, कारण सगळं देवनागरीत असतं. परदेशात पाऊल ठेवलं आणि समोरची प्रत्येक पाटी वाचता आली, ह्याचं मला केवढं नवल वाटलं होतं! वाचता येतं पण अर्थ लागत नाही, असे काही शब्द घरूनच पाठ कर. पहिरो म्हणजे दरड. बिस्तारै म्हणजे सावकाश. बाटो म्हणजे रस्ता. घुम्ती म्हणजे वळण. 'पहिरो' दिसलं की फोटोला थांबायचं नाही.

पावतीवरची तारीख नीट बघ. नेपाळात विक्रम संवत चालतं आणि महिने सौर असतात, आपल्या पंचांगासारखे नाहीत. मी गेले तेव्हा पावतीवर २०७५ होतं. मी आठ दिवसांचे पैसे भरले आणि आठ रात्री मोजल्या. त्यांच्या हिशेबात आत शिरल्याचा दिवस पहिला होता. परत आले तेव्हा माझा नववा दिवस निघाला. मोजणीतली चूक माझी होती. दंड भरला, अख्खी दुपार बाकावर बसले, आणि संध्याकाळी अंधारात गोरखपूरचा रस्ता धरावा लागला. त्या रस्त्यावर मी जितकी घाबरले तितकी डोंगरात कुठंही घाबरले नव्हते. तू दोन दिवसांचे पैसे जास्तच भर, पावतीचा फोटो आईला पाठव आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी ठेव. बाहेर पडताना तो परत द्यायचा असतो. घड्याळही १५ मिनिटं पुढं कर.

भैरहवा, बुटवलपर्यंत सपाट रस्ता. बुटवल सोडलं की सिद्धबाबाचा टप्पा येतो. नाव ऐकून सोलापूरकराला आपलंच वाटेल, पण तिथं वरून दगड येतात. सकाळी लवकर, न थांबता पार कर. पुढं तानसेन आणि वळणावळणांनी पोखरा. सीमेपासून सुमारे १८० किलोमीटर आहे, पण एका दिवसात उरकू नकोस, तानसेनला मुक्काम कर. पोखऱ्यात एक पूर्ण दिवस गाडीला आणि तुला विश्रांती. तिथंच अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना काढ. कागबेनीच्या पलीकडं उत्तरेला वेगळ्या परवान्याचा भाग आहे, तिकडं गाडी वळवायची नाही.

पोखऱ्याहून बेनी, तातोपानी, मग काली गंडकीच्या दरीतून मार्फा, जोमसोम, कागबेनी, मुक्तिनाथ. हेही सुमारे १८० किलोमीटर, पण तीन दिवस लाव. एका बाजूला धौलागिरी ८,१६७ मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा ८,०९१ मीटर, आणि तू दोघांच्या मधल्या नदीकाठानं जातेस. तातोपानीच्या पुढं रस्ता कुठं डांबरी, कुठं नुसते गोटे, कुठं रस्त्यावरूनच ओहोळ वाहतो. ओहोळापाशी थांब. एखादी जीप जाऊ दे, तिची चाकं किती बुडतात बघ. मग पहिला गिअर, एकसारखा रेस, नजर पलीकडच्या काठावर. मध्ये क्लच ओढायचा नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ते उतरायची वाट बघत बसायचं. दोन तास गेले तर गेले.

त्या दरीत सगळ्यात जास्त जपायचं ते वाऱ्याला. रोज सकाळी शांत असतं. दहा-अकरानंतर दक्षिणेकडून वारा उठतो आणि दुपारी असा काही सुटतो की रेती तोंडावर मारते आणि गाडी बाजूला सरकते. जोमसोमची विमानं ह्याच वाऱ्यामुळं फक्त सकाळी उडतात. जाताना वारा पाठीला असतो म्हणून कळत नाही, येताना छातीवर येतो. मार्फाच्या अलीकडं मी एकदा दुपारी अडकले. गाडी स्टँडवर उभी राहीना. एका घराच्या भिंतीआड हँडल धरून उभी होते, तर आतून एक बाई आली, काही न बोलता गाडीचं दुसरं हँडल धरलं, आणि आम्ही दोघींनी ती अंगणात ढकलली. सुकवलेली सफरचंदं आणि चहा दिला. मी तिला दिदी म्हटलं, तिनं मला बहिनी म्हटलं. बहिनी म्हणजे धाकटी बहीण. तू मार्फा ते कागबेनी हा टप्पा सकाळी नऊच्या आत संपव.

उंचीचं गणित घरून मनात पक्कं करून जा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. पोखरा सुमारे ८२० मीटरवर, जोमसोम २,७०० च्या वर, मुक्तिनाथ ३,७०० च्याही वर. गाडी तुला दोन तासांत वर नेऊन ठेवते, शरीराला ते इतक्या लवकर झेपत नाही. एक रात्र मार्फाला झोप, एक कागबेनीला, तिसऱ्या सकाळी मुक्तिनाथाला जाऊन दर्शन घे आणि झोपायला खाली ये. डोकं दुखायला लागलं, मळमळ आली तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्या क्षणी खाली उतरायचं, आणि तेव्हा गाडी स्वतः चालवायची नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

गाडी देवळाखालच्या रानीपौवा गावात ठेवावी लागते. तिथून पायऱ्या चढून देवळापर्यंत अर्धा तास. देवळामागं १०८ धारा आहेत, पाणी बर्फासारखं. खाली कागबेनीला नदीसंगमावर लोक पितरांचं श्राद्ध करतात, फार लांबून येतात त्यासाठी. हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. करावंसं वाटलं तर कर. मनात नसेल तर नुसती नदीकाठी बसून राहिलीस तरी चालेल.

एकटीनं राहण्याबद्दल मी फार घाबरवणार नाही. संध्याकाळी चारला मुक्काम शोधायचा, शक्यतो घरातल्या बाईनं चालवलेला. खोलीची आतली कडी स्वतः लावून बघायची. नसली जमत तर दुसरी खोली. 'एकट्याच का' असं विचारलं तर 'घरचे पुढं पोचलेत' म्हणायचं, ह्यात खोटं बोलल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आज कुठं आहेस त्याचे फोटो उद्या टाक. नेपाळ पोलीस १००, पर्यटक पोलीस ११४४. डोंगरात नेपाळ टेलिकॉमचं सिम बरं चालतं. खाण्याला तिथं डाळ-भात सगळीकडं मिळतो, पण सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू दे. महिनाभर टिकणारं असं दुसरं काय आहे आपल्याकडं? दरड पडून सहा तास रस्ता बंद झाला तेव्हा माझ्याकडच्या भाकरीचे तुकडे चार ट्रकवाल्यांनी आणि मी वाटून खाल्ले.

मामांशी वाद घालू नकोस. कुठल्या रात्री कुठं मुक्काम, विमा नंबर, भन्सारची पावती, असं एका कागदावर लिहून तो त्यांच्या हातात दे आणि सांग, 'दोन रात्री माझा फोन आला नाही तर काय करायचं ते तुम्ही बघायचं.' डोंगरात एखादी रात्र रेंज जातेच, म्हणून दोन रात्री. काळजी करणाऱ्या माणसाला काम दिलं की त्याचा आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

आता आई. तुझ्या पत्रातली चादर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोन वर्षं ती बाई रोज गाडीवर चादर टाकते. धूळ बसू नये म्हणून. तू तिच्याकडं परवानगी मागतेयस आणि ती गप्प आहे. मला एक शंका येते, ती खरी का खोटी ते तूच बघ. बाबा जेव्हा म्हणायचे की रिटायर झालो की मुक्तिनाथाला जायचं, तेव्हा मागच्या सीटवर कोण असणार होतं? तू तेव्हा नोकरी करत असतीस, तुझं लग्न झालेलं असतं, असंच त्यांनी धरलं असेल. तो बेत त्या दोघांचा होता. तू आता तो तुझा म्हणून सांगतेयस आणि त्यात आईला जागाच नाही.

पोखऱ्याहून जोमसोमला सकाळची छोटी विमानं जातात, वीस-पंचवीस मिनिटांत. जीपही जातात. आई रेल्वेनं गोरखपूरला, तिथून गाडीनं पोखऱ्याला येऊ शकते, हवं तर मामांना बरोबर घेऊन. मतदार कार्ड पुरे. तिची बीपी, शुगर आधी डॉक्टरांना दाखव, उंचीचं सांगून. वरच्या पायऱ्यांना घोडा मिळतो. तू तुझ्या रस्त्यानं एकटीच येशील, एकही किलोमीटर कमी होणार नाही. ती कागबेनीला तुझी वाट बघत असेल. येईल की नाही ते तिनं ठरवावं, पण तिला विचार तरी.

फॉर्म ३१ साठी वारस म्हणून तिची सही लागणारच आहे. आधी टेस्ट पास हो. मग आरटीओला जायच्या दिवशी दोन हेल्मेट घे, चादर तिलाच काढू दे, घडी घालू दे. काम झालं की येताना तिला मागं बसवून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत घेऊन जा. तिथं काठावर बसून विचार, त्या बेतात बाबांनी काय काय ठरवलं होतं.